विधवेचा हक्काचा पैसा

बायांनो, दादांनो, आज थोडं कडू बोलणार आहे. घरचा कर्ता माणूस गेला की तेरा दिवस घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी बाई आणि रिकामा डबा उरतो. अशा गरीब विधवेसाठी आपल्या राज्यात १९८० सालापासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. २०२३ साली ही रक्कम महिन्याला १५०० रुपये झाली. फार नाही, पण तेलमीठ निघतं.

हा पैसा आपोआप येत नाही. तहसील कचेरीत अर्ज लागतो. सोबत उत्पन्नाचा दाखला आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. म्हणून सांगतो, माणूस गावात वारला तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. सुतकात कसले कागद, असं म्हातारी माणसं म्हणतील. म्हणू द्या. वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. मग हेलपाटेच!

आणि काडीमोड झालेलीचं काय? तिलाही अर्ज करता येतो. कोर्टात दावा चालू असला तरी चालतं. पोटगी मात्र मिळत नसावी, किंवा योजनेच्या उत्पन्न मर्यादेपेक्षा कमी असावी.

आपल्या आळीत अशी कोण आहे? उद्या वर्गाला येताना तिला घेऊन या. अर्ज इथंच लिहू. सही तिची तिनंच करायची.