मुलीचा दिवस कुणाचा?

(मोरा, ता. उरण येथे पक्षकार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलींच्या शिक्षणावर मी बोलावे अशी आपली सूचना आली, तिच्यासोबत एक प्रश्नही आला होता. या भागात केवळ मुलींसाठी एक स्वतंत्र, खासगी शाळा निघावी असे काही पालक बोलू लागले आहेत. वसतिगृहाची नव्हे, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतायची दिवसाची शाळा. या मागणीला आपण पाठिंबा द्यावा की विरोध करावा, असा तो प्रश्न आहे.

याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येईल असे मला वाटत नाही. शाळा खासगी की सरकारी, मुलींची की मिश्र, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांच्याआधी एक प्रश्न येतो आणि तो आपण क्वचितच विचारतो. मुलीच्या दिवसावर हक्क कुणाचा? तिचा, की घराचा? या प्रश्नाचे उत्तर जी शाळा मुलीच्या बाजूने देईल ती आपली शाळा. जी देणार नाही ती कितीही देखणी असली तरी आपली नव्हे.

‘स्वतंत्र’ हा शब्द आज खासगी शाळांच्या जाहिरातींत सर्रास आढळतो. आपल्या इतिहासात त्याला फार वेगळा अर्थ होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. ती शाळा स्वतंत्र होती ती रूढीपासून. जातीच्या आणि पुरुषांच्या हुकमतीपासून स्वतंत्र होण्याची किंमत त्या दांपत्याने स्वतः मोजली. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. शाळेचे यश मोजण्याचे याहून चोख माप मला ठाऊक नाही.

परंतु जोतीराव तिथे थांबले नाहीत, हे आपण विसरतो. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन केले, त्यात त्यांनी खासगी पुण्यकर्माची भाषा केली नाही. रयतेच्या श्रमातून जमणारा सारा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे दाखवून त्यांनी किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि मुलींच्या शिक्षणाचा विस्तार करावा, अशी मागणी केली. ज्या माणसाने स्वतःच्या बळावर शाळा काढल्या होत्या, तोच माणूस सांगत होता की हे काम शेवटी सरकारचे आहे. खासगी शाळा वाट दाखवू शकते. सर्वांना त्या वाटेने नेण्याची शक्ती तिच्यात नसते.

पुण्यातच १८८४ साली न्या. रानडे, रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक आदींच्या पुढाकाराने मुलींचे हायस्कूल सुरू झाले. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जिथे होती त्या जागेवरची ही शाळा आजही ‘हुजूरपागा’ म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. या शाळेवर १८८७ साली मोठा वाद झाला. लोकमान्य टिळकांनी आपल्या पत्रांतून तिच्या अभ्यासक्रमावर कठोर टीका केली. मुलींना इंग्रजी, गणित कशाला, हा त्या टीकेचा एक भाग होता आणि तो आपल्याला ठाऊक असतो. दुसरा भाग माझ्या मते अधिक मर्माचा होता. तो होता शाळेच्या वेळेविषयी. मुली अकरा ते पाच शाळेत राहिल्या तर घरातील कामे कधी करणार आणि कधी शिकणार? मुलींना तीन तासांची शाळा पुरे, असे टिळकांचे म्हणणे होते.

टिळकांच्या राजकीय थोरवीविषयी इथे कुणालाच शंका नाही. म्हणूनच हा वाद नीट समजून घेतला पाहिजे. रूढीच्या पक्षाने नेमके मर्मावर बोट ठेवले होते. मुलीने काय वाचावे यापेक्षाही ती दिवसाचे सहा तास घराच्या ताब्याबाहेर राहते, ही गोष्ट त्या व्यवस्थेला अधिक जाचत होती. हुजूरपागेतील मुलींना मिळालेले हे सहा तास कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठी क्रांती होती.

याच ठिकाणी अर्थशास्त्राचा थोडा उपयोग होतो. एखादी गोष्ट मिळवताना दुसरे जे सोडावे लागते, त्याला आम्ही ‘वैकल्पिक खर्च’ म्हणतो. शाळेची फी हा मुलीच्या शिक्षणाचा दिसणारा खर्च आहे. न दिसणारा खर्च म्हणजे तिने घरात केले असते ते काम. धाकटी भावंडे सांभाळणे, पाणी भरणे, भाकऱ्या थापणे, आजाऱ्याची उठाठेव. हे काम राष्ट्रीय उत्पन्नात मोजले जात नाही. पण मुलगी शाळेत गेली की त्याची उणीव त्याच दिवशी घराला जाणवते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तिच्यात आढळले. ही मोजणी वयाच्या सहाव्या वर्षापासूनची आहे. म्हणजे पहिलीच्या वर्गात बसण्याच्या वयातच घरकामाचा हिशेब सुरू होतो, हे सरकारी पाहणीनेही गृहीत धरले आहे.

आता आपल्या सरकारांनी काय केले ते पाहू. महाराष्ट्रात १९८५-८६ पासून मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली. ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळू लागला. २०२४ साली आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय झाला. हे निर्णय चांगले आहेत आणि त्यांना चांगलेच म्हटले पाहिजे. परंतु ते सर्व दिसणाऱ्या खर्चाविषयी आहेत. न दिसणाऱ्या खर्चाला हात घालणारी एक योजना १९९२ साली आली होती. दारिद्र्यरेषेखालील मागास समाजांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसामागे एक रुपया भत्ता. विचार अचूक होता: मुलीच्या दिवसाला किंमत आहे आणि ती समाजाने भरून दिली पाहिजे. पण तो एक रुपया पुढे वर्षानुवर्षे एक रुपयाच राहिला. महागाईने आमदारांचे भत्ते वाढले, कर्मचाऱ्यांचे वाढले. लहान मुलीच्या दिवसाचा भाव तेवढा गोठून राहिला.

पैसा नाही, हे उत्तर आपल्याला नवीन नाही. १९२० साली पुणे नगरपालिकेपुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला, तेव्हाही हेच उत्तर पुढे आले होते. आधी मुलांना सक्ती करू, मुलींचे पैसे आल्यावर पाहू! त्याविरुद्ध रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यातील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा ती कुणाच्या वाट्यावर आधी चालते, हे त्या स्त्रियांनी ओळखले होते. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के वाटा शिक्षणाला द्यावा आणि सर्व मुलांसाठी समान शाळा असाव्यात असे सांगितले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहा टक्क्यांचा पुन्हा उच्चार केला. एवढ्या काळात उच्चारच झाला, आचार झाला नाही. उलट २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचा विचार सरकारने मांडला. शाळा तीन किलोमीटर लांब गेली तर मुलगा सायकल काढील. मुलीचे काय होईल, हे या सभेत सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि आजची ‘स्वतंत्र’ शाळा कशापासून स्वतंत्र आहे? २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने सरकारी अनुदानाविना चालणाऱ्या शाळांचा मार्ग मोकळा झाला. शिक्षणहक्क कायद्याने अशा शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या जबाबदारीतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढील महिन्यात त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. भिडेवाड्यातील शाळा रूढीपासून स्वतंत्र होती. या नव्या शाळांना गरीब शेजाऱ्यापासून स्वतंत्र व्हायचे होते. एकच शब्द, पण दिशा नेमक्या उलट.

आता आपल्या दाराशी येऊ. मोरा म्हणजे बंदर आणि कोळीवाडा. भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच ओहोटीला गाळामुळे अडते, हे इथे शेंबडे पोरही सांगेल. १९७० साली सिडको आली. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जणांचे प्राण घेतले. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून येणारा सागरी सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत रेल्वेही आली. मालाच्या पेट्यांसाठी आणि मोटारींसाठी या तालुक्यात रस्त्यांवर रस्ते झाले. मुलीच्या शाळेची वाट मात्र अद्याप कुणाच्या आराखड्यात नाही.

आपल्या चळवळीकडेही थोडे पाहिले पाहिजे. प्रकल्पग्रस्तांच्या घरटी एकाला नोकरी द्या, ही मागणी योग्यच होती. ‘एक’ म्हणजे मुलगा, असे तिच्यात कुठेही लिहिलेले नव्हते; पण आपण सर्वांनी तसेच गृहीत धरले. मोबदल्याचा पैसा आला तेव्हा इंग्रजी शाळेची फी कुणासाठी भरली गेली? ग्रामीण भारतात खासगी शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण मुलींपेक्षा जास्त असते, असे ‘असर’चे अहवाल सातत्याने दाखवतात. मुलासाठी फीची शाळा आणि मुलीसाठी फुकटची शाळा, ही वाटणी घरातच होते. तिला भांडवलदार जबाबदार आहेत असे म्हणून आपली सुटका होणार नाही.

मग उपाय काय? तो आपल्याच किनाऱ्यावर, उत्तरेला, सापडतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी टेकडीवर काम केले. थोरली मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे, हे त्यांनी पाहिले. त्यांनी पालकांना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी ‘विकासवाडी’ उभी केली. भावंड पाळणाघरात गेले आणि थोरलीचे दोन्ही हात पाटीसाठी मोकळे झाले. जी मुले गुरांमागे जात त्यांच्यासाठी शाळा कुरणात नेली. मुलीचा दिवस तिला परत कसा मिळवून द्यायचा, याचा इतका सरळ धडा दुसरा नाही.

तेव्हा स्वतंत्र शाळेच्या मागणीला माझे उत्तर असे. मुलींची वेगळी शाळा निघाल्याने एखादा बाप आपल्या लेकीला आठवीनंतर घरी बसवणार नसेल, तर त्या शाळेला मी विरोध करणार नाही. परंतु ती फी भरू शकणाऱ्यांपुरती राहणार असेल, तर तिच्यासाठी पक्षाची शक्ती खर्च करू नये. आपली शक्ती लागावी ती चार गोष्टींसाठी. सरकारी शाळा पूर्ण दिवस, पूर्ण शिक्षकांनिशी चालावी आणि पटाच्या नावाखाली एकही बंद होऊ नये. शाळेच्या आवारातच पाळणाघर असावे आणि मासळीबाजाराला पहाटे निघणाऱ्या आईच्या वेळेला ते उघडावे. एसटीच्या फेऱ्या शाळेच्या घंटेशी जुळाव्यात. आणि खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागांत मुली किती, याची यादी दरवर्षी आपल्या कार्यकर्त्यांनी मागून घ्यावी.

पाचवी गोष्ट कुठल्याही मंत्र्याकडे मागायची नाही. या बैठकीला आलेल्या प्रत्येक साथीने घरी जाऊन विचारावे, की आज दुपारी आपल्या मुलीने किती वेळ वाचले आणि किती वेळ भांडी घासली. आणि तोच प्रश्न मुलाविषयीही विचारावा. जी समता आपण सभेत मागतो तिचा पहिला हप्ता घरातच भरावा लागतो. तो भरल्याशिवाय बाहेर मागण्याचा अधिकार आपल्याला पूर्णपणे येत नाही.