दुसऱ्या माणसाची गैरहजेरी

'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि मूळ हुकुमातल्या 'धरावे'चे कोणीतरी 'मारावे' केले, अशी आख्यायिका मागे राहिली. ती खरी किती, हे इतिहासकारांनी ठरवावे. मला त्यात खटकते ते वेगळेच. अडीचशे वर्षे आपण अक्षर बदलणाऱ्या हाताला बोल लावत आलो. पण कागद वाचून 'हे असे कसे?' म्हणणारा एकही गारदी त्या आख्यायिकेत नाही, आणि तो नसल्याचे कोणाला नवलही वाटत नाही. वरून आलेला हुकूम पाळायचाच असतो, हे आपण इतके धरून चाललो आहोत.

हल्ली तो कागद व्हॉट्सॲपवर येतो. तुमच्या नावाच्या कुरिअरमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधार क्रमांकावर कोणी खाते उघडून काळा पैसा फिरवला, असे सांगणारा फोन येतो. मग व्हिडिओ कॉल. पडद्यावर गणवेश, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, पाठोपाठ राजमुद्रा छापलेले पत्र. आणि तीन सूचना: कॅमेरा बंद करायचा नाही, घर सोडायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही, घरातल्यांशीसुद्धा. शेवटी 'पडताळणीसाठी' पैसे भरायचे, चौकशी संपली की परत मिळतील म्हणे. याला 'डिजिटल अरेस्ट' असे भारदस्त नाव आहे. 2024 साली लुधियानाच्या एका बड्या उद्योगपतीला सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी दाखवून 7 कोटी रुपयांना लुटले गेले. त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितले, की कायद्यात अशी अटकच नाही. तरी माणसे फसतच राहिली. कोणी म्हणेल, यात मानसशास्त्र कसले, माणूस घाबरतो आणि फसतो. पण भीतीने फार तर पहिला तास समजतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस आंघोळ करून, पासबुक घेऊन, फोनवरच्या 'साहेबा'च्याच सांगण्यावरून बँकेत जातो, आरटीजीएसचा फॉर्म स्वच्छ अक्षरात भरतो आणि पुन्हा येऊन कॅमेऱ्यासमोर बसतो. घाबरलेला माणूस पळतो, ओरडतो. हा मात्र सहकार्य करतो आहे.

या सहकार्याचा सर्वांत गाजलेला अभ्यास मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांचा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात 1961 मध्ये त्यांनी प्रयोग सुरू केले. जाहिरात वाचून आलेल्या माणसाने 'शिक्षक' व्हायचे आणि भिंतीपलीकडचा 'विद्यार्थी' चुकला की त्याला विजेचा झटका द्यायचा. समोर 30 बटणे, 15 व्होल्टपासून 450 पर्यंत, दर वेळी 15 ने वाढणारी. झटके खोटे होते, शिक्षकाला ते ठाऊक नव्हते. करड्या कोटातला प्रयोगकर्ता शांतपणे 'पुढे चालू ठेवा' एवढेच म्हणे. 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधातल्या 40 पुरुषांपैकी 26 जण, म्हणजे 65 टक्के, शेवटच्या बटणापर्यंत गेले. हा आकडा पुष्कळांना माहीत असतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात: माणूस मेंढरू आहे, संपले. मिलग्रम मात्र तिथे थांबले नाहीत. त्यांनी मांडणी बदलून बदलून पाहिली आणि खरे मोल त्या बदलांत आहे. शिक्षकाच्या शेजारी बसवलेल्या दोन साथीदारांनी ठरल्याप्रमाणे 'आम्ही नाही करणार' म्हटले, तेव्हा 40 पैकी केवळ 4 जण शेवटपर्यंत गेले. माणसे तशीच, कोट तोच. फक्त 'नाही' म्हणणारे कोणीतरी शेजारी होते. प्रयोगकर्ता खोलीतून निघून गेला आणि फोनवरून हुकूम देऊ लागला, तेव्हाही पाळणारे जेमतेम पाचातला एक उरले. काहींनी तर फोनवर 'हो, वाढवतो' म्हणत सर्वांत खालचेच बटण दाबले. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्यांना ही युक्ती नवी नसावी.

मग फोनवरून येणाऱ्या हुकुमाने लोक आयुष्याची पुंजी कशी देतात? ठकसेनांनी बहुधा मिलग्रम वाचला नसेल, पण अनुभवाने ते तिथेच पोचले आहेत. व्हिडिओ चालू ठेवला की साहेब खोलीतच असतो आणि 'कोणाशी बोलू नका' म्हटले की शेजारचा साथीदार नाहीसा होतो. साथीदार असण्या-नसण्याने काय फरक पडतो, यासाठी अमेरिकेतल्याच रुग्णालयांतला 1966 चा प्रयोग पाहा. अनोळखी 'डॉक्टर'ने फोनवरून एका अपरिचित औषधाचे 20 मिलिग्रॅम द्यायला सांगितले. डबीवर कमाल मात्रा 10 असे छापले होते. 22 परिचारिकांपैकी 21 जणी ते द्यायला निघाल्या. 1977 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी ओळखीचे औषध घेतले आणि सहकाऱ्यांशी बोलायला वाव ठेवला. 18 पैकी फक्त 2 परिचारिका तयार झाल्या.

आक्षेप आहेत आणि ते दुबळे नाहीत. मिलग्रम यांच्या नोंदी तपासून लेखिका जीना पेरी यांनी दाखवले, की अनेकांना झटके खोटे असल्याची शंका होती. मान्य. म्हणून 65 टक्क्यांचा आकडा मी शिलालेखासारखा वाचत नाही. पण आपल्याकडचा माणूस स्वतःचीच मुदत ठेव मोडतो आहे, तिथे हा संशय कामाला येत नाही. मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर हॅस्लम आणि स्टीफन रायकर यांचा आक्षेप अधिक मोलाचा आहे: 'तुम्हाला दुसरा पर्याय नाही' असा सरळ हुकूम आला की मिलग्रमचे लोक उलट अडत; 'प्रयोगासाठी हे गरजेचे आहे' म्हटले की पुढे जात. माणूस दांडगाईपुढे वाकतो त्याहून अधिक, आपण योग्य कामात हातभार लावतो आहोत या समजुतीने चालतो. 'देशाच्या तपासाला मदत करा' हे वाक्य म्हणूनच धमकीपेक्षा अधिक चालते. शिकलेली माणसे कशी फसतात, हा प्रश्नही त्यामुळे उलटा ठरतो. कल्याण-डोंबिवलीत रेल्वे, बँका, मंत्रालय यांतून निवृत्त झालेली हजारो माणसे राहतात. जावक क्रमांक, शिक्का, 'संदर्भ: आपले दिनांकाचे पत्र' हे त्यांनी जन्मभर पाळले आणि त्यावरच आपला कारभार चालला. नियम पाळण्याची सवय हा त्यांचा दोष नव्हे. चोराने नेमका त्यांचा गुण हेरला.

यावर कोणी विचारेल, मग काय, सिग्नलही पाळायचा नाही? पाळायचाच. आज्ञापालनाशिवाय कल्याण स्थानक अर्धा तास चालणार नाही. फरक एवढाच, की खरा अधिकार चारचौघांत विचारलेला प्रश्न सोसू शकतो आणि तो विचारू शकणारा दुसरा माणूस आपल्या कायद्याने लिहूनच ठेवला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार पोलिसांना अटकेचा पंचनामा करावा लागतो आणि त्यावर घरातल्या कोणाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी लागते. बंद खोलीत, कोणाला न सांगता होणारी अटक त्या कायद्यात नाही. तेव्हा असा फोन आलाच, तर कॅमेरा तसाच सोडा, आधी शेजारच्या घराची बेल वाजवा आणि मग दोघे मिळून सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा.