भीमकुंडाचे पाणी आणि पोहण्याची विद्या
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाची संहिता)



झाशीच्या जुन्या शहरातला बडा बाजार मराठी माणसाला सर्वस्वी परका नाही. १७४२ साली नारोशंकर पेशव्यांचे सुभेदार म्हणून झाशीस आले आणि त्यांच्या मागोमाग दक्षिणेतली कित्येक कुटुंबे त्या मुलखात स्थिरावली. पिढ्या उलटल्या, बोलण्यात बुंदेलीचा हेल आला, तरी घरात आजोबांना आजोबाच म्हणतात.

अशाच एका कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. मे महिना आहे. पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे गेला आहे, बाजारात दुपारी लू वाहते आहे आणि शाळेला सुटी लागली आहे. दहा वर्षांच्या नातीने भ्रमणध्वनीवर मेक्सिकोतली गुहेतली निळी कुंडे पाहिली आहेत. परदेशी कुटुंबे सुटीत तिथे जातात, मुले कड्यावरून पाण्यात झेपावतात. तिला तेच हवे आहे. आजोबा हसून म्हणतात, "त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? आपल्या बुंदेलखंडात भीमकुंड आहे."

झाशीहून छतरपूर सुमारे १२५ किलोमीटर आणि तिथून भीमकुंड आणखी साधारण ७५. बाजना गावाजवळच्या या कुंडाला नीलकुंड असेही नाव आहे. वनवासात द्रौपदीला तहान लागली तेव्हा भीमाने गदेच्या प्रहाराने भूमी फोडून पाणी काढले, अशी कथा आहे. पायऱ्या उतरून गुहेत शिरले की बाहेरची होरपळ एकाएकी मागे राहते. तांबूस खडकाच्या कुशीत गर्द निळे, निश्चल पाणी दिसते. छताला पडलेल्या मोठ्या विवरातून ऊन खाली येते आणि पाण्याची निळाई आतूनच उजळल्यासारखी भासते. मकरसंक्रांतीला येथे स्नानासाठी यात्रा भरते.

अशी कुंडे घडतात कशी? पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी चुनखडीच्या खडकात मुरते, हजारो वर्षे तो विरघळवते आणि पोटात पोकळी करते. कधीतरी छत कोसळते व भूगर्भातले पाणी उजेडात येते. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातली कुंडे याच प्रक्रियेने झाली. तिथल्या माया लोकांनीही अशी कुंडे पवित्र मानली. दोन दूरच्या समाजांना जमिनीखालचे पाणी पाहून हात जोडावेसे वाटले, यात नवल नाही.

आता पुन्हा त्या पायऱ्यांवर येऊ. नात पुढे धावते. "आजोबा, मारू उडी? तळ अगदी जवळ दिसतोय!" आजोबा तिचा हात धरतात. "थांब बाळ. दिसतो तेवढा तो जवळ नसतो."

त्यांचे म्हणणे पदार्थविज्ञानाच्या कसोटीवर खरे उतरते. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, म्हणून बारा फूट खोल पाणी सरळ वरून पाहता नऊ फुटांसारखे वाटते. जितके पाणी स्वच्छ, तितका हा भ्रम गोड. शिवाय गुहेतल्या कुंडाला नदीसारखा उतरता काठ नसतो. शेवटच्या पायरीनंतर पाय टेकायला जागा मिळेलच असे नाही. पाणी थंड असते. तापलेले अंग त्यात एकदम पडले की श्वास अनावर होतो आणि नेमक्या त्याच क्षणी नाकातोंडात पाणी जाते. खडक शेवाळाने निसरडा असतो. म्हणून कुंडात उतरण्याविषयी तिथे त्या दिवशी जो नियम असेल, तो मुकाट्याने पाळावा.

आजोबा स्वतः विहिरीत पोहायला शिकलेले. पाठीला वाळल्या भोपळ्याची सांगड किंवा पत्र्याचा रिकामा डबा, कमरेला दोर आणि दोराचे दुसरे टोक काकांच्या हाती. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मुलांचीही हीच शाळा होती. साताऱ्याजवळ लिंब येथे शके १६४१ ते १६४६ या काळात बांधलेल्या बारामोटेच्या विहिरीसारख्या वास्तू आज पर्यटक पाहायला जातात. पण विहीर ही एके काळी पाण्याची भीती आणि पाण्याचा आदर, दोन्ही एकदम शिकवणारी जागा होती. विहिरी आटल्या, बुजल्या, जाळ्या बसल्या. आजोबांच्या मुलाला म्हणजे नातीच्या वडिलांना पोहता येत नाही. नात शहरातल्या तलावात शिकते आहे, पण तिथे पाणी छातीएवढे आणि तळाला फरश्या आहेत. विद्येची साखळी मधल्या एका कडीपाशी तुटली, ती अशी.

ही तूट साधी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. यांतले दहांतले नऊ मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात आणि लहान मुलांचे प्रमाण त्यांत मोठे असते. संयुक्त राष्ट्रसंघाने २५ जुलै हा दिवस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी ठरवला, तो याच कारणाने. आपल्याकडे सहलीच्या दिवशी डबा, टोपी, औषधे यांची यादी होते. पोहता येते का, हा प्रश्न मात्र त्या यादीत क्वचितच असतो.

त्या दिवशी नातीने उडी मारली नाही. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून तिने पाण्यात पाय सोडले, आजोबा शेजारी बसले. ती हिरमुसली होती. पण परतताना तिने विचारले, "पाय टेकत नसतील तर काय करायचं, आजोबा?" आजोबांनी तिला उताणे तरंगणे समजावले. छाती हवेने भरलेली ठेवली, डोके मागे टाकले आणि धडपड केली नाही, तर पाणी माणसाला बहुधा उचलून धरते. दुसरा बुडत असेल तर आपण उडी घ्यायची नाही. ओरडून माणसे जमवायची आणि दोर, ओढणी किंवा रिकामा डबा त्याच्याकडे फेकायचा. नातीच्या वडिलांनी हे सारे गाडी चालवता चालवता ऐकले. घरी पोहोचल्यावर तलावाच्या वर्गात आपलेही नाव घालायचे, असे त्यांनी रस्त्यातच ठरवले.

शाळेने साठ वर्षे मुलांना लिहायला, वाचायला, विचार करायला शिकवले. वाचता न येणाऱ्याचे नुकसान आयुष्यभर होत राहते. पोहता न येणाऱ्याचे कधी एका मिनिटात होते. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी मिळून, जवळच्या तलावात का होईना, प्रत्येक मुलाला शाळा सोडण्यापूर्वी खोल पाण्यात तरंगता येईल एवढी सोय केली, तर हीरक महोत्सवाची ती खरी ठेव ठरेल. मग निळ्या कुंडाच्या काठी एखादी नात "उडी मारू?" असे विचारील, तेव्हा तिच्या आजोबांना पाण्याचा नियम पाहून, खोली जाणून, कदाचित "चल, मीही येतो" असे म्हणता येईल.