खडकशेपू

कार्तिकी पौर्णिमेला बीडहून मांजरसुंब्याच्या बाजूने कपिलधारला जाणारी मंडळी मन्मथस्वामींच्या समाधीचे दर्शन घेतात, धबधबा पाहतात आणि माघारी फिरतात. बालाघाटाच्या त्या मुरमाड उतारांकडे कोण कशाला बघेल? 'नुसता खडक, तिथं काय उगवणार?' असे आपण म्हणतो.

उगवते बरे का! अशा माळांवर पावसाळ्यात येणारी एक वनस्पती म्हणजे खडकशेपू. वीतभर उंची, जमिनीलगत पसरलेल्या फांद्या, शेपूसारखी बारीक चिरलेली पाने. चुरगाळली तर वासही शेपूचाच. पण कूळ मात्र सूर्यफुलाचे. म्हणजे तुमच्या शेतातल्या करडईची आणि कारळ्याची ही भाऊबंद. भाद्रपद-आश्विनात पिवळी फुले येतात. गुरुजी, ते फूल मुलांना भिंगाखाली जरूर दाखवा. एक फूल म्हणून आपण तोडतो तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. पुढे काळे, चपटे बी धरते, त्याच्या डोक्याला दोन ताठ टोके असतात. टंचाईच्या दिवसांत दख्खनेत लोकांनी हिचा पाला भाजी म्हणून खाल्ला आहे. काही जण हिला पित्तपापडा म्हणतात. पण त्या नावाने निराळ्याच वनस्पतीही विकल्या जातात, तेव्हा नुसत्या नावावर जाऊन औषध घेऊ नका.

हिला भय दुष्काळाचे नाही, कुदळीचे आहे. वर्षायू झाड हे; बी पडले तेथेच पुढच्या साली उगवायचे. रस्त्यासाठी, बांधकामासाठी मुरूम खणून नेला की बीही गेले. मग त्या उकरलेल्या जागेत पहिले शिरते ते गाजर गवत. तेही सूर्यफुलाच्याच कुळातले, पण अमेरिकेतून आलेले. 1955 च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. एकेक झाड हजारो बिया टाकते. अंगाला खाज आणते, काहींना दमाही. त्याचा पाला खाणारा मेक्सिकोचा भुंगा 1984 मध्ये बंगळूरकडे सोडण्यात आला. तो खातो खरा, पण एकट्या भुंग्याच्याने हे काम निभत नाही.

तेव्हा सरपंचमंडळींनी मुरमाची खाण ठरवताना सगळा माळ एकदम उघडा करू नये, एखादा उतार राखावा. गाजर गवत फुलण्यापूर्वी, हाताला फडके गुंडाळून, मुळासकट उपटावे. मात्र उपटताना शेपूच्या वासाचे झाड हाती लागले, तर ते तसेच राहू द्या. बी गळेपर्यंत त्याला कुणी हात लावू नये.