रात्र कशी गेली?



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी बरेच जण आता कोच म्हणून उभे राहतील. कुणी नाशिकच्या गंगापूर रोडला जिम काढेल, कुणी सुरगाण्याच्या शाळेत मुलांना पळवेल. कुठेही गेलात तरी समोर येणारा माणूस आपलं घर बरोबर घेऊनच येईल. आज मला त्याविषयीच बोलायचं आहे.

आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तुम्हाला ठाऊक आहे. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा हा मुलगा वडील गेल्यावर २०१२ मध्ये सैन्यात गेला आणि तिथे त्याने पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तो तेरावा आला. त्या काळात त्याची आई अपघातात डोक्याला मार लागून गंभीर आजारी होती. पाण्यावरच्या प्रत्येक सरावाला तो ही काळजी घेऊनच उतरत असणार. स्टॉपवॉचवर वेळ दिसते, आईची तब्येत दिसत नाही. ती विचारावी लागते.

मी फिजिओथेरपी पुस्तकांतून शिकले, पण माणसाला हात कसा लावायचा हे शिकले वॉर्डातल्या एका मावशीकडून. पक्षाघाताच्या रुग्णांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मावशी खाटेशी आली की आधी तळहात एकमेकांवर चोळायची, गार हात अंगाला लागू नये म्हणून. मग विचारायची, "बाबा, रात्र कशी गेली?" बाबांची जीभ जड, शब्द फुटायला वेळ लागायचा. ती थांबायची. तेवढ्यात कपाळावरच्या आठीवरून तिला कळलेलं असायचं की आज खांदा ठणकतोय. "आता डाव्या कुशीवर घेते हं," असं सांगून, त्यांनी श्वास सोडला की अलगद वळवायची. लुळा हात तिने कधी ओढला नाही, खांद्याखाली आधार देऊनच उचलला. पुढे तेच बाबा खाटेची कड धरून उभे राहिले तेव्हा वॉर्डात सगळ्यात मोठ्याने तीच ओरडली होती.

मावशीचा तो "रात्र कशी गेली?" हा प्रश्न तुमच्या जिममध्ये रोज विचारला गेला पाहिजे, तोही वजन उचलायला लावण्याआधी. झोप झाली का? काही खाल्लं का? इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी आलेल्या माणसाला तुम्ही ट्रेडमिलवर पळवलंत, तर साखर घसरून तो तिथेच कोसळू शकतो. त्याचा व्यायामाचा चार्ट कितीही सुंदर आखलेला असला तरी तो कालचा असतो. आजचं शरीर आज बघायचं.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची ६ ते २० अशी मोजपट्टी तयार केली, ती तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलीत. तिच्यातली मोठी गोष्ट ही की आकडा कोच सांगत नाही, घाम गाळणारा सांगतो. पन्नाशीच्या बाईंनी जिना चढताना "सतरा" म्हटलं, तर ते सतराच. "नाटकं नकोत, अजून दहा" असं ओरडून त्यांचा गुडघा बळकट होत नाही, उलट त्या पुन्हा येत नाहीत. दुखऱ्या गुडघ्याला तर मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हवाच असतो, म्हणजे त्यांनी येत राहणं हाच खरा उपचार.

माया लावली तर माणूस ढिला पडतो, असं काहींना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही जवळपास ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. भूलतज्ज्ञाचं रोजचं कामच रुग्णाच्या उशाशी राहून त्याच्या श्वासावर आणि नाडीवर नजर ठेवण्याचं. आणि त्या शर्यतीत सायकलस्वारामागे गाडीतून चालणारी माणसं असतात. खायला कधी द्यायचं, झोपायला कधी लावायचं, हे ती ठरवतात. इतकी कठीण शर्यत अशा सांभाळणाऱ्या हातांवरच पार पडते.

एक माणूस मात्र तुमच्या नजरेतून हमखास सुटेल, म्हणून सांगते. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करणारी बाई. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर ती तासभर चालू शकत नाही, वीस मिनिटांत तिला घर गाठायचं असतं. तिची कंबर धरलेली असते, कारण खाटेवरून उचलताना ती पाठीतून वाकते. तिला आधी तेवढंच शिकवा: पाय फाकवून उभं राहायचं, गुडघ्यात आणि खुब्यात वाकायचं, सासूबाईंना अंगाशी घ्यायचं आणि मग पायांच्या जोरावर उठायचं. हवं तर घरी जाऊन खाटेजवळ उभं राहून दाखवा. आणि आठवडाभर ती आली नाही, तर फीची आठवण करून देण्याआधी फोन करून सासूबाईंची चौकशी करा.