लेयर-मानके: संगणकीय आरेखनाची सामाईक शिस्त



ज्याकडे व्यवसायात सहसा दुर्लक्ष होते पण ज्याची किंमत रोज मोजावी लागते, असा लेयर-मानकांचा विषय वास्तुविशारद, स्थापत्य अभियंते आणि आरेखकांच्या या परिषदेच्या व्यासपीठावरून मांडला जात आहे. लेयर म्हणजे संगणकीय आरेखनातील पारदर्शक थर. त्यावर एका जातीच्या वस्तू एकत्र ठेवता येतात आणि तो हवा तेव्हा दाखवता, लपवता, गोठवता किंवा छपाईतून वगळता येतो. पूर्वी पॉलिस्टर फिल्मचे ताव पिनांवर तंतोतंत बसवून भिंती, वीज आणि नळकाम वेगवेगळ्या तावांवर काढण्याची पद्धत होती; १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ऑटोकॅडसारख्या प्रणालींनी तीच कल्पना पडद्यावर आणली. तावांची संख्या मर्यादित असल्याने शिस्त आपोआप राहत असे. पडद्यावर लेयर कितीही करता येतात, म्हणून तेथे शिस्त ठरवून आणावी लागते.

या शिस्तीचे मूलतत्त्व असे की लेयरचे नाव वस्तूवरून पडावे. रंगावरून, रेषेच्या जाडीवरून किंवा काढणाऱ्याच्या नावावरून पडू नये. ‘रेड’ नावाच्या लेयरवर एका कार्यालयात भिंती असतात, दुसऱ्यात परिमाणे असतात, आणि दोन्ही नकाशे एकत्र आले की त्या नावाला काहीच अर्थ उरत नाही. अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेने १९९० मध्ये लेयरविषयक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि पुढे ती तेथील राष्ट्रीय कॅड मानकाचा भाग झाली. तिच्यातील ‘ए-वॉल-फुल-डी’ हे नाव सुटे करून पाहिल्यास पहिले अक्षर वास्तुरचना ही शाखा सांगते, दुसरा भाग भिंत हा घटक, तिसरा तिची पूर्ण उंची, आणि शेवटचे अक्षर ती पाडावयाची असल्याचे सांगते. आयएसओ १३५६७ या आंतरराष्ट्रीय मानकानेही जबाबदार पक्ष, घटक आणि सादरीकरण ही तीन अंगे प्रत्येक नावात अनिवार्य मानली आहेत.

नावाइतकेच महत्त्व गुणधर्मांना आहे. रंग, रेषेचा प्रकार आणि जाडी ‘बायलेयर’ ठेवणे, म्हणजे वस्तूने हे गुण स्वतःजवळ न बाळगता आपल्या लेयरकडून घेणे, हा नियम मोडला की लेयरचा रंग बदलूनही काही रेषा बदलत नाहीत आणि छापील प्रतीत भिंतीची रेषा फर्निचरइतकी बारीक उमटते. दरवाजासारखा ब्लॉक, म्हणजे एकदा काढून पुन्हा पुन्हा बसवावयाचा घटक, शून्य क्रमांकाच्या लेयरवर बायलेयर गुणांनी रचला, तर तो ज्या लेयरवर बसवला जातो त्याचेच रूप घेतो. संरचना-सल्लागाराचा नकाशा संदर्भ म्हणून जोडल्यानंतर तो ‘इन्सर्ट’ पद्धतीने मूळ नकाशात विलीन केला, तर समान नावाचे लेयर एकरूप होतात आणि मूळ नकाशातील गुणधर्म टिकतात; दोन कार्यालयांनी एकाच नावाखाली भिन्न वस्तू ठेवल्या असतील, तर त्यांची सरमिसळ कोणतीही सूचना न मिळता होऊन जाते.

आपल्याकडे अशा सामाईक संकेतांची कल्पना परकी नाही. मंजुरीच्या नकाशात प्रस्तावित काम लाल आणि पाडावयाचे काम पिवळे दाखवण्याचा संकेत संगणकाच्या आधीपासून रूढ आहे, आणि अनोळखी अधिकाऱ्यालाही नकाशा वाचता यावा हाच त्याचा हेतू आहे. महाराष्ट्रातील अनेक महानगरपालिकांच्या संगणकीय छाननीत भूखंड, मजला आणि प्रस्तावित बांधकाम यांच्या बंद आकृत्या नेमलेल्या लेयरवर असाव्या लागतात, कारण चटई क्षेत्राचा हिशेब प्रणाली त्यांवरूनच करते. मात्र मंजुरीपुरती पाळलेली शिस्त कार्यकारी नकाशांत सोडून दिली जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

मानकांमुळे रचनाकाराचे स्वातंत्र्य जाते, असा आक्षेप घेतला जातो. परंतु प्रतिभा रचनेत प्रकट होते, लेयरच्या नावात नव्हे. आणि वीस वर्षांनी त्याच इमारतीची दुरुस्ती करणाऱ्याला उलगडता येईल असा मूळ नकाशा ठेवणे, हे व्यवसायाचे कर्तव्य आहे. त्यासाठी लहान कार्यालयानेही प्रस्थापित मानकातून आवश्यक तेवढेच लेयर निवडावेत, प्रत्येकाचा अर्थ मराठीत लिहिलेला तक्ता आरेखकाच्या हाती द्यावा, ते लेयर मूळ टेम्प्लेट फाइलमध्येच तयार ठेवावेत, नकाशा बाहेर पाठवण्यापूर्वी ऑटोकॅडमधील मानक-तपासणीची सोय वापरावी आणि जुन्या नकाशांसाठी लेयर-रूपांतराचे साधन उपयोगात आणावे. कामाची घाई असताना प्रमुखानेच नियम मोडला, तर तक्ता कागदावरच राहतो. म्हणून हा नियम सर्वप्रथम प्रमुखांना लागू असावा.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील आरेखक अभ्यासक्रमात या विषयाला स्वतंत्र स्थान मिळावे आणि वास्तुविशारद, अभियंते व सल्लागार यांनी मिळून एक सामाईक लेयर-सूची तयार करावी, असा ठराव या परिषदेने संमत करावा, अशी आग्रहाची विनंती आहे.