छिन्नमनस्कता आणि ज्ञातीचे कर्तव्य

(वार्षिक संमेलनातील भाषण)



दरसाल या व्यासपीठावरून शिष्यवृत्त्या, वसतिगृह व वधूवर-सूचक मंडळ या विषयांचा ऊहापोह होतो. आज आम्ही एका अशा विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, की जो घरातील माणसेही एकमेकांपाशी काढीत नाहीत. तो विषय म्हणजे छिन्नमनस्कता, अर्थात स्किझोफ्रेनिया.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ३०० माणसांमागे एकास हा आजार असतो. तेव्हा आपली ज्ञाती त्यास अपवाद असेल, असे मानण्याचे कारण नाही. असे रुग्ण आपल्या समारंभांत दिसत नाहीत, ते केवळ आतल्या खोलीत राहतात म्हणून.

हा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. कोणी नसता आवाज ऐकू येतात, आपल्यावर पाळत आहे असा संशय दृढ होतो, बोलण्यातील संगती सुटते, स्नान-भोजनाचीही इच्छा उरत नाही. हुशार मुलगा एकाएकी अभ्यासातून उठला, की आपण त्यास आळशी म्हणतो, नाहीतर बाधा झाली म्हणून अंगारे-धुपारे करतो. त्यात उपचाराची मोलाची वर्षे निघून जातात. वास्तविक हा मेंदूचा आजार आहे. तो कोणाच्या पापाचे फळ नव्हे, की आईच्या संगोपनाचा दोष नव्हे. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध या रुग्णांस देण्यात आले, तेव्हापासून उपचाराची वाट खुली झाली आहे. नियमित औषध व घरच्यांचा आधार लाभल्यास अनेक रुग्ण पुन्हा कामास लागतात. मात्र बरे वाटताच डॉक्टरांना न विचारता औषध बंद करणे घातक ठरते.

आता थोडे स्पष्ट बोलतो. “लग्न करून दिले म्हणजे सुधारेल” हा सल्ला आपल्यातीलच वडीलधारे देतात. विवाह हे औषध नव्हे. आजार लपवून जुळविलेल्या सोयरिकीत रुग्णाची औषधे चोरून चालतात, मग सुटतात, आजार उलटतो. आणि परक्या घरच्या निरपराध मुलीचे किंवा मुलाचे आयुष्य होरपळते. तसेच, एका भावाच्या आजारामुळे त्याच्या निरोगी बहिणीचे स्थळ मोडणे हाही अन्यायच होय. लपवाछपवीचे मूळ या भीतीत आहे, आणि ती आपणच निर्माण केली आहे.

कॅनडातील कॅल्गरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीस हा आजार होता. त्यांनी तो झाकला नाही; उलट १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. २००४ साली आलेला ‘देवराई’ हा मराठी चित्रपटही त्यांच्याच पुढाकाराचे फळ. आजारी भावाला सांभाळणारी त्यातील बहीण प्रत्येक कुटुंबाने पाहावी.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा रुग्णाचा हक्क ठरविला आहे. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’चा सल्ला विनामूल्य मिळतो. संस्थेने आपल्या परीने तीन गोष्टी कराव्यात: रुग्णांच्या कुटुंबीयांची दरमहा बैठक, गरजूंस औषधासाठी साहाय्य, आणि बऱ्या होत असलेल्या तरुणांस झेपेल असे काम.

आपण ज्ञाती म्हणून एकत्र येतो, ते केवळ गुणवंतांच्या सत्कारासाठी नव्हे. पुढील संमेलनास आतल्या खोलीतील ते माणूसही आपल्या पंक्तीस बसावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.